पाहुण्यांचं पाणी

नालासोपाऱ्याजवळच्या आचोळ्याच्या आमच्या घरात दोन प्रकारचं पाणी असायचं, एक आमचं आणि एक पाहुण्यांचं. आमचं पाणी बोरचं. बिल्डिंगच्या मागे बिल्डरने बोर मारून ठेवली होती आणि फ्लॅट विकताना चोवीस तास पाणी असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पाणी चोवीस तास होतं, फक्त तोंडात घेण्यासारखं नव्हतं. आंघोळीला साबणाचा फेस होत नसे, केस धुतले की काथ्यासारखे व्हायचे, तोट्यांवर पांढरी खरपुडी चढायची आणि डाळ शिजायची नाही. कुकरच्या किती का शिट्ट्या घ्या, झाकण काढलं की तूरडाळ आपली दाणा न् दाणा वेगळी, आम्हाला हसत पडलेली. म्हणून आमच्याकडे कुळथाची पिठी व्हायची. पिठी कसल्याही पाण्यात होते. आम्ही कणकवलीकडचे, पिठीला नावं ठेवणाऱ्यांतले नव्हे. पण रोज पिठी, रोज भात आणि बाजूला सुक्या जवळ्याची चटणी म्हटल्यावर माणूस कधीतरी ताटाकडे बघून उसासा टाकतोच. बाबा टाकायचे. आई म्हणायची, उसासे मागाहून टाका, पिठी गार होते.

पाहुण्यांचं पाणी गावठाणातल्या काशीबायच्या विहिरीचं. वाडीतली जुनी विहीर, बाजूला केळी, वर रहाट. काशीबाय त्या वाडीची मालकीण. पाणी न्यायला ती कुणाला नाही म्हणत नसे, पण विहिरीवर भांडण खपवून घेत नसे. "पानी न्या गो, पन गलका नको," एवढंच तिचं बोलणं. आई पहाटे उठून जायची, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि वाटेत दोनदा थांबत परत यायची. तिच्या कमरेत उसण भरायची, म्हणता म्हणता ती कायमची मुक्कामाला आली. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं बजावलं, तेव्हा आईने शहाण्यासारखी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून कळशी डाव्या कमरेवरून उजव्या कमरेवर घेतली. तिच्या लेखी हाच उपचार. मी कॉलेजात जाणारी, धडधाकट मुलगी; मी म्हटलं, हंडा मी आणते. तर म्हणाली, उद्या तुला बघायला येतील आणि मुलगी वाकून चालते म्हणतील, तू आपली छोटी कळशी घे. त्या छोट्या कळशीवर मी किती वर्षं चिडत होते हे आता आठवलं तरी दातओठ खावेसे वाटतात.

तर हे गोडं पाणी ओट्याच्या कोपऱ्यात तांब्याच्या घागरीत, तोंडाला फडकं बांधून ठेवलेलं असायचं आणि त्याला आम्ही हात लावायचा नाही. ते पाहुण्यांसाठी. पाहुणा आला की पेला घागरीतून भरायचा, चहा घागरीतला, आणि जेवायला थांबला तर वरणही घागरीतलं. पाहुणा गेला की आम्ही परत बोरवर. हे काही आमच्याच घरचं खूळ नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या जाधवबाई साताऱ्याकडच्या, खालच्या सावंतवहिनी मालवणच्या, पण घागर सगळ्यांकडे आणि कायदा सगळ्यांचा एकच. कोणी तो शिकवला नव्हता. आलेल्या माणसाला खारं पाणी देणं म्हणजे त्याला शिळं वाढण्यासारखं होतं. आणि हे पाणी खास तुमच्यासाठी लांबून आणलंय असं सांगणं तर त्याहून वाईट. तसं बोलून दाखवणाऱ्या बाईला बिल्डिंगमध्ये कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नसतं.

त्या वर्षी एक आशा निर्माण झाली होती. गोड्या पाण्याची मोठी लाइन मोठ्या रस्त्यापर्यंत आली होती आणि तिचा फाटा एकतर आमच्या गल्लीत येणार होता, नाहीतर पलीकडे नव्याने उभ्या राहणाऱ्या कॉम्प्लेक्सकडे जाणार होता. दोन्हीकडे पाणी पुरणार नाही, जिथे गरज जास्त तिथे आधी, असं पाणीखात्यातले साहेब म्हणत होते. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी आमचं पाणी किती खारं आहे याचा असा अर्ज लिहिला की वाचताना घशाला कोरड पडावी. आईला तर त्या गोड्या पाण्याच्या नळाने झपाटलं होतं. तो कुठे बसवायचा, त्याची तोटी पितळी घ्यायची की साधी, यावर ती भाकऱ्या थापताना माझ्याशी बोलायची. दुसरं काही मागणं तिला माहीत नव्हतं. घरात तो नळ आला असता तर तिची पहाटेची फेरी सुटली असती, कंबर वाचली असती. बास, एवढंच होतं ते.

अशात विनूकाका आला. विनूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. विषय विज्ञान आणि समाज. म्हणजे, त्याच्याच शब्दांत, विज्ञान माणसाशिवाय होत नाही, तर मग माणसं ते कसं घडवतात हे शोधायचं. ऐकायला बरं वाटायचं. मला तर काका म्हणजे देवच वाटायचा. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम पिशवी, बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. त्याच्या विभागात त्या वेळी दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, आधी सिद्धांत हातात घ्या, मग लोकांकडे जा, नाहीतर काय बघायचं तेच कळणार नाही. दुसऱ्या तटाचं म्हणणं, रिकाम्या डोक्याने जा, लोकच तुम्हाला सिद्धांत देतील. या दोन तटांतली माणसं एकमेकांच्या घरचं लग्नही टाळायची. काकाच्या मार्गदर्शक मॅडम पहिल्या तटाच्या आणि परीक्षक दुसऱ्या तटाचे. त्यामुळे काकाने ठरवलं की डोकं भरलेलं ठेवायचं आणि रिकामं आहे असं दाखवायचं. पुढे मी स्वतः हाच विषय जन्मभर शिकवला, निवृत्त झाले, गुडघ्यांना पट्टे लावून अजून चर्चासत्रांना जाते, आणि सांगते, ही युक्ती आजही जोरात चालते. फक्त झब्ब्याच्या जागी जॅकेट आलं आहे.

काकाला अभ्यासासाठी गाव हवं होतं आणि भाऊ आचोळ्यात राहत होता, म्हणून आचोळे. त्यात इथे पाण्याचा प्रश्न तापलेला. लोक म्हणतात पाणी खारं. मग लोकांना ते खारं आहे हे कळतं कसं, त्यांचं ज्ञान आणि प्रयोगशाळेचं ज्ञान यांचं नातं काय, असा त्याचा प्रश्न. प्रश्न चांगला होता, हे मी आजही म्हणेन. तो दर शनिवारी दुपारी यायचा आणि सोमवारी सकाळी जायचा. आई शनिवारी डाळ शिजवायची. काका जेवायला बसला की गरम वरण, वर तूप, लिंबाची फोड. तोंडी लावायला अर्नाळ्याच्या कोळणीकडून घेतलेले ओले बोंबील. बाबा त्या ताटाकडे असे बघायचे की काकाने महिनाभर मुक्काम करावा. काकाच्या अभ्यासात आम्ही रोज वरणभात खाणारं कुटुंब होतो. सकाळी दात घासायलासुद्धा आई त्याच्या हाती गोड्या पाण्याचा तांब्या द्यायची. आंघोळीला मात्र बोरचं पाणी, तिथे तिचाही इलाज नव्हता. साबणाला फेस येत नाही हे काकाच्या लक्षात आलं. त्याने साबण बदलला.

आता त्याच्या मुलाखती. मी सोबत जायचे, कारण बायका काकाशी एकट्याने बोलायला लाजायच्या. आम्ही दार वाजवायचो, बसायचो, आणि बसता क्षणी पाणी यायचं. स्टीलच्या ताटलीत पेला, पेल्यावर थंडाव्याचे थेंब. काका तो घटाघट प्यायचा, तोंड पुसायचा आणि विचारायचा, "पाणी खारं आहे असं तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं?" बघा, प्रश्नाची तऱ्हा बघा. पाणी खारं आहे का, असं नाही. कुठून आणता, असं तर नाहीच नाही. वाटायला कधी लागलं! सावंतवहिनी गोंधळून माझ्याकडे बघायच्या. जाधवबाई मात्र सुटायच्या. त्या म्हणाल्या, आमच्या गावच्या विहिरीचं पाणी काय सांगू, नुसतं अमृत, इथे येऊन जिभेची चवच गेली. झालं. काकाचे डोळे मिटले. त्याला सापडलं. मग प्रत्येक घरी तो गावाकडचं पाणी कसं होतं हे विचारू लागला, आणि गावाकडचं पाणी वाईट होतं असं सांगणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे. एक बाई तर रडली. तिचं माहेर धरणात गेलं होतं. काकाने तिला धीर दिला आणि परत एक पेला पाणी प्यायला.

असे बरेच शनिवार गेले आणि एका शनिवारी संध्याकाळी काकाने आम्हाला त्याचं प्रकरण वाचून दाखवलं. बाबा खुर्चीवर, आई भाजी निवडत खाली, मी उंबऱ्यात. भाषा जड होती पण तात्पर्य कळायला कठीण नव्हतं. आचोळ्याचं पाणी खारं नाही. ते किंचित जड असेल. खारेपणा हे गावापासून तुटलेल्या माणसांचं दुःख आहे, ते त्यांनी पाण्यात ओतलं आहे. पुरावा काय, तर लोक पाण्याबद्दल बोलू लागले की गावाबद्दल बोलतात. आणि दुसरा पुरावा, अभ्यासकाने स्वतः घरोघरी, महिनोन् महिने ते पाणी प्राशन केलं आहे. प्राशन! बाबांनी कौतुकाने मान हलवली, कारण भावाने एवढं मोठं वाक्य न अडखळता वाचलं होतं. आईचं भाजी निवडणं थांबलं. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. मी म्हटलं, काका, तू पितोस ते पाणी आम्ही पितच नाही. तुला घागरीतलं देतात, सगळ्या घरांत, तू पाहुणा आहेस म्हणून.

आईने माझ्याकडे जी नजर टाकली ती मी जन्मात विसरणार नाही. पाहुण्याच्या पानातल्या चपात्या मोठ्याने मोजल्या असत्या तरी ती इतकी लाजली नसती. काय बोलतेस, काही नाही हो भाऊजी, तिचं मनावर घेऊ नका, असं म्हणत ती उठलीसुद्धा. मी स्वयंपाकघरात जाऊन बोरच्या नळाखाली पेला धरला, भरून आणला, काकासमोर केला. आईने तो मधल्यामध्ये माझ्या हातातून काढून घेतला आणि मोरीत ओतला. काकाने डोळे मिटले.

"बेबी, तू चिडू नकोस," तो म्हणाला. "पण बघ, आपलं पाणी वेगळं आणि पाहुण्यांचं वेगळं, हे तू जे सांगतेस ना, तेसुद्धा त्या कथनाचाच भाग आहे."

मी पेला भरून देत होते आणि हा मला कथन म्हणत होता. त्याने एक घोट घेतला असता तर त्याच्या प्रकरणाचं काय व्हायचं ते झालं असतं. पण पिऊन बघणं हे त्याच्या पद्धतीत आधीच झालेलं होतं, आणि जे पद्धतीत होऊन गेलं ते पुन्हा कशाला करायचं? आजही माझ्यासमोर विद्यार्थी येतात आणि विचारतात, मॅडम, आधी थिअरी की आधी मेथड? मी त्यांना म्हणते, बाळांनो, ज्यांच्या घरी तुम्ही बसलात त्यांनी तुम्हाला कुठल्या पेल्यातून पाजलं ते आधी विचारा. ते हसतात. त्यांना वाटतं म्हातारी गंमत करते.

काकाच्या मॅडमना प्रकरण फार आवडलं. इतकं की त्यांनी स्वतः आचोळ्याला येऊन बघायचं ठरवलं. आणि त्यांची नि त्या पाणीखात्यातल्या साहेबांची कुठल्याशा समितीत ओळख होती, तर साहेबांनाही घेऊन येते म्हणाल्या. हे ऐकून आमच्या घरात दिवाळी झाली. साहेब स्वतः येणार म्हणजे आता नळ आलाच, असं बाबांनी जाहीर केलं. मला मात्र भीती वाटत होती. साहेब येतील, घागरीतलं पाणी पितील, छान म्हणतील आणि जातील. मी आईला हात जोडून सांगितलं, त्या दिवशी एकदाच त्यांना बोरचं पाणी दे. तुझ्या कमरेसाठी दे. आईला पटत होतं, अगदी दिसत होतं की पटतंय. पण ती म्हणाली, एवढी शिकलेली बाई पहिल्यांदा माझ्या घराची पायरी चढणार आणि मी तिला खारं पाणी देऊ? माझ्या हातून नाही होणार ते. मग मी मनाशी ठरवलं. आईला तिचा धर्म पाळू दे, मी साहेबांना सरळ बोरच्या नळापाशी नेईन. नळाला पाहुणा आणि घरचा यातला फरक कळत नाही, असा माझा समज होता.

त्या दिवशी मी आणि काका मॅडमना घ्यायला नालासोपारा स्टेशनला गेलो होतो. मॅडम कॉटनच्या कडक साडीत, ठसठशीत कुंकू लावलेल्या, आणि वाटेत रिक्षातून दिसेल त्या प्रत्येक इमारतीकडे बघून "इंटरेस्टिंग" म्हणणाऱ्या. साहेब त्यांच्या जीपने परस्पर आले. घर बायकांनी भरलं होतं. ठरल्याप्रमाणे घागरीतलं पाणी आलं, चहा आला, नारळाच्या वड्या आल्या. मॅडमनी पाण्याचा घोट घेऊन काकाकडे अर्थपूर्ण बघितलं, काकाने डोळे मिटले. साहेबांनी पेला रिकामा केला आणि अजून मागितलं. तेव्हा मी उठले. म्हटलं, साहेब, हे पाणी आम्ही विहिरीवरून आणतो, आमचं पाणी तुम्ही अजून बघितलंच नाही. या आत. आणि सगळ्यांदेखत साहेबांना स्वयंपाकघरात नेलं, स्वच्छ पेला घेतला, तोटी सोडली, पेला भरला, दिला. साहेबांनी एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग सगळा पेला प्यायले.

"अहो, हे तर माझ्या क्वार्टर्सपेक्षा गोड आहे," साहेब म्हणाले.

मी तोटीखाली ओंजळ धरली. गोड. खरंच गोड, विहिरीसारखं नव्हे, पण त्यात मिठाचा कणही नव्हता. मला काही समजेना. मी बाबांकडे बघितलं, बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी आईकडे बघितलं, ती पदराने ओटा पुसत होती. मी म्हटलं, साहेब, आज काहीतरी झालंय, रोज असं नसतं. साहेब हसले. आजच का बरं, असं म्हणाले, आणि बाहेर जाऊन मॅडमना सांगितलं की तुमच्या विद्यार्थ्याचा अभ्यास बरोबर आहे. मॅडम म्हणाल्या, मुलीची तळमळ बघितलीत ना, हेच, हेच आम्ही म्हणतो. मी तिथे उभी होते आणि माझ्याबद्दल माझ्यासमोर असं बोलत होते की मी एखादं कोष्टक आहे.

पाहुणे गेल्यावर बाबांनी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं. उलट अभिमान होता. एवढी मोठी माणसं येणार म्हणून सोसायटीने वरची टाकी घासून धुतली होती आणि मी स्टेशनला गेलेली असताना टँकर मागवून ती गोड्या पाण्याने भरली होती. हात धुतील, चूळ भरतील, पाय धुतील, तर त्यांना त्रास नको. मी ओरडले, अहो बाबा, पाणी खारं आहे हे दाखवायला बोलावलं होतं ना त्यांना! बाबांना माझं म्हणणं कळेचना. ते म्हणाले, खारं आहे हे अर्जात स्पष्ट लिहिलंय की, साहेबांनी वाचलंच असेल, घरी आलेल्या माणसाला पुन्हा तेच चाखायला लावायचं म्हणजे काय रीत झाली? मग साहेबांसमोर का नाही बोललात? तर म्हणे, तोंडावर कसं सांगणार, त्यांना वाटलं असतं आपण फसवलं. आणि सावंतवहिनींपासून सगळ्या माना डोलावत होत्या. अख्ख्या बिल्डिंगला त्यात विसंगती दिसली नाही. अर्जाचा कागद वेगळा, आलेला माणूस वेगळा. मी कपाळावर हात मारून घेतला, खराखुरा, चट्कन आवाज झाला.

विनूकाका मॅडमना पोहोचवून परत आला तेव्हा मी त्याला टँकरचं सांगितलं, आणि घागरीचं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी आईने मला अडवलं नाही. ती पेले गोळा करत होती. काका खाली बसला. त्याचा चेहरा उतरला. इतके शनिवार, इतके पेले, सगळे पाहुण्यांचे. मला त्याची दया आली, शप्पत. आणि मग बघता बघता त्या उतरलेल्या चेहऱ्यावर उजेड पसरायला लागला. म्हणाला, बेबी, हे तर फारच सुंदर आहे. म्हणजे अभ्यासकाला बघून समाज स्वतःचं ज्ञानच बदलून ठेवतो. पाहुणचार हीच इथली प्रयोगशाळा आहे! तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. पद्धत फसली होती, तर त्याने तिला सिद्धांत करून टाकलं. जन्मभर या धंद्यात काढल्यावर सांगते, पद्धत फसल्यावर सरळ फसली म्हणणारा माणूस मला फार क्वचित भेटला. बाकीच्यांनी तिच्यावर पुढचं प्रकरण लिहिलं.

मी त्याची वाट अडवून उभी राहिले. म्हटलं, ते सुंदर वगैरे राहू दे, उद्या सकाळी साहेबांकडे जा. तुझं ते ऐकतील. त्यांना सांग की माझ्याकडून चूक झाली, पाणी खारं आहे, फाटा या गल्लीत द्या. अजून काही ठरलेलं नाही. आईची कंबर बघ जरा. आई पेले हातात घेऊन तशीच थांबली होती. तिने स्वतःहून कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं आणि तेव्हाही मागितलं नाही, पण ती थांबली होती. काकाला अवघडल्यासारखं झालं. त्याने झब्ब्याची बाही दुमडली, उलगडली.

"पाणी खारं की गोड, हे ठरवणं माझं काम नाही गं," तो म्हणाला. "ते तसं कसं ठरतं, हे बघणं माझं काम. मी बाजू घेतली तर अभ्यास राहील का तो?"

आई आत गेली आणि पेले विसळायला लागली. वा रे वा! पाणी खारं नाही हे लिहिताना बाजू घेतली जात नव्हती, खारं आहे म्हणताना मात्र लगेच अभ्यास बाटत होता. मी बाबांना म्हटलं तुम्ही जा, तर बाबा गेलेसुद्धा. साहेबांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं की विद्यापीठाच्या अभ्यासापुढे मी काय बोलणार. फाटा पलीकडच्या कॉम्प्लेक्सकडे गेला. तिथे तोवर धड कोणी राहायलाही आलं नव्हतं. आमच्या गल्लीत नळ यायला पुढे कित्येक वर्षं गेली, आणि तो आला तेव्हा आई सरळ उभं राहायचं विसरली होती. हे मी रागाने लिहीत नाही असं म्हणणं बरं दिसेल, पण मी रागानेच लिहिते आहे.

फाटा पलीकडे गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात आई विहिरीवरून येताना जिन्यात बसली ती तिला उठता येईना. सावंतवहिनी आणि मी तिला उचलून वर आणलं. हंडा जिन्यात तसाच राहिला. महिनाभर ती अंथरुणाला खिळली होती, आणि त्या महिन्यात घागर मी भरली, हंड्याने. बघायला कोण येईल याची चिंता तेव्हा कोणी केली नाही. विनूकाका त्या दिवसांत आला नाही, त्याला लिखाण होतं. पुढे त्याला डॉक्टरेट मिळाली. परीक्षकांनी म्हणे उभं राहून कौतुक केलं, पाहुणचारावरच्या प्रकरणाचं. दोन्ही तट खूश. तो निकालानंतर पेढे घेऊन आमच्याकडे आला, अंगावर नवा झब्बा, आल्या आल्या बाबांच्या पाया पडला. आई एव्हाना भिंतीला धरून घरात हिंडायला लागली होती. तिने पेढा घेतला, देवापुढे ठेवला, तोंड भरून आशीर्वाद दिला आणि पाणी आणायला आत गेली. मी उठत होते तर मला हातानेच बस म्हणाली.

स्टीलच्या ताटलीत पेला घेऊन ती सावकाश, एकेक पाऊल टाकत बाहेर आली आणि काकाला दिला. काकाने नेहमीसारखा घटाघट प्यायला तोंडाला लावला आणि पहिल्याच घोटाला थांबला. त्याचा गाल फुगलेला राहिला. ते थुंकता येईना आणि गिळता येईना. शेवटी त्याने गिळलं.

"वहिनी," तो म्हणाला, "पाणी बदललं का तुमचं?"

"नाही हो भाऊजी," आई म्हणाली, "आम्ही रोज पितो तेच आहे. इतकी वर्षं येताय, आता तुम्हाला पाहुणा कुठवर म्हणायचं?"

बाबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. आई भिंतीला टेकून तिथेच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि काकाने तो पेला तळापर्यंत रिकामा करेपर्यंत हलली नाही.